‘पब्लिकले हाईच पायजे’ : अहिराणी गाणी करणाऱ्यांना खुलं पत्र

राम राम मंडई,

अहिराणी गाणी लिहिणारे, त्यांना चाल लावणारे, गाणारे, नाचणारे, शूटिंग-मिक्सिंग करणारे आणि यूट्यूबवर चॅनेल चालवणारे अशा तुम्हा सगळ्यांना हे पत्र आहे. धुळे-नंदुरबारपासून अमळनेर-चाळीसगावपर्यंत आणि तिकडे सुरतच्या उधना-लिंबायतपर्यंत तुमचा पसारा. एकेकाला कुठे गाठत बसू, म्हणून उघडंच लिहितो.

आधी एक शंका काढून टाकतो. तुमची गाणी वाह्यात असतात, त्यांनी संस्कृती बुडवली, पोरं बिघडवली, असलं काही मला म्हणायचं नाही. असं म्हणणारे लोक पुतण्याच्या हळदीत पहिल्या रांगेत नाचताना मी पाहिलेत, आणि चांगलंच नाचतात. माझं भांडण तुमच्या एका वाक्याशी आहे. चाल जरा बदला म्हटलं, एखादं गाणं संथ करा म्हटलं, नवरी-मेहुणी सोडून दुसरं काही लिहा म्हटलं, की गीतकार असो, निर्माता असो, डीजेवाला असो, उत्तर एकच येतं : ‘भो, पब्लिकले हाईच पायजे.’ म्हणजे, पब्लिकला हेच पाहिजे.

इथे बोलणं खुंटतं. पब्लिकच्या पुढे कोण बोलणार?

एक जण बोलला होता, ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वी. थिओडोर अडॉर्नो. जन्म १९०३, जर्मनीतलं फ्रँकफर्ट. वडील वाइनचे व्यापारी, आई गायिका. तत्त्वज्ञानात डॉक्टरेट केली आणि मग व्हिएन्नाला जाऊन आल्बान बर्ग या संगीतकाराकडे रचना शिकला. म्हणजे गाण्यावर लांबून बोलणारा हा मास्तर नव्हता, त्याला स्वरलिपी हाताने लिहिता येत होती. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला, वडील ज्यू घराण्यातले म्हणून याचा शिकवण्याचा अधिकार काढून घेतला गेला. आधी ऑक्सफर्ड, मग १९३८ मध्ये न्यूयॉर्क, असा तो देशोधडीला लागला.

तो ज्या सामाजिक संशोधन संस्थेचा म्हणून ओळखला जातो, ती फ्रँकफर्टला १९२३ साली निघाली. पैसा होता अर्जेंटिनात धान्याचा व्यापार करून गब्बर झालेल्या हर्मान वाइलचा, आणि कल्पना त्याच्या पोराची, फेलिक्सची. हे ऐकून कुणाला परकं वाटेल, पण आपल्या अमळनेरला गिरणीमालक प्रताप शेठांनी तत्त्वज्ञानाची संस्था काढली ती १९१६ साली. फ्रँकफर्टच्या सात वर्षं आधी! व्यापाऱ्याने कमवावं आणि विचार करणाऱ्यांना बसायला जागा द्यावी, हे खान्देशाने आधीच करून दाखवलेलं आहे. अमळनेरला भर राहिला वेदान्तावर. फ्रँकफर्टच्या मंडळींनी रेडिओ, सिनेमा, जाहिराती, मासिकांतली राशिभविष्यं असलं सगळं तपासायला घेतलं. त्यांना विचारायचं होतं ते साधं होतं. लोक शिकले, यंत्रं आली, छापखाने आले, तरी माणूस स्वतःच्या डोक्याने का वागत नाही?

न्यूयॉर्कला आल्यावर अडॉर्नोला काम मिळालं समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्डच्या रेडिओ-संशोधन प्रकल्पात. तिथे एक यंत्र होतं. श्रोत्याच्या एका हातात हिरवं बटण, दुसऱ्या हातात लाल. कार्यक्रम चालू असताना आवडलं की हिरवं दाबायचं, नाही आवडलं की लाल, आणि यंत्र कागदावर रेघ ओढत राहायचं. अडॉर्नोला हा प्रकार पचला नाही. त्याचं म्हणणं होतं की आवड मोजायच्या आधी ती आवड घडते कशी ते विचारा. पुढे त्याने लिहूनही ठेवलं, की मला संस्कृती मोजायला सांगितली तेव्हा वाटलं, मोजण्याची वृत्ती जिथे शिरू शकत नाही तीच कदाचित संस्कृती असेल. लाझार्सफेल्डशी त्याचं फार दिवस जमलं नाही, यात नवल नाही.

ती बटणं आता प्रत्येकाच्या खिशात आहेत. आणि तुमच्या चॅनेलच्या मागच्या बाजूला तर त्याहून बारीक रेघ दिसते. कितव्या सेकंदाला किती माणसं गाणं सोडून गेली, ते सगळं तिथे आलेखावर असतं. तो आलेख पाहून गाणं कापताना मी जवळून पाहिलंय. बासरीचा छोटा तुकडा होता, रेघ तिथे जरा खाली वाकत होती. पुढच्या गाण्यात बासरी नव्हती. कुणी ‘बासरी नको’ असं म्हणालं नव्हतं. म्हणायची गरजच पडली नाही.

त्याच स्टुडिओतली दुसरी गोष्ट. नवं गाणं करायचं म्हणजे काय, तर अरेंजर लॅपटॉपवर मागच्या हिट गाण्याची फाइल उघडतो, ‘सेव्ह अ‍ॅज’ करतो आणि नाव बदलतो. ठेका तोच, वेगाचा आकडा तोच. ढोलकीचा लूप पाकिटातला, सांबळ पाकिटातलं, पावरीचा, म्हणजे आदिवासींच्या फुंकून वाजवायच्या वाद्याचा, आवाजसुद्धा पाकिटातला, आणि नंदुरबारकडे ती पावरी वाजवणारा माणूस मात्र घरी बसलेला. गायकाची पट्टी बघून सूर अर्धा वर, अर्धा खाली. कपाशीचं बियाणं जसं आता दर हंगामाला पाकिटातलंच आणावं लागतं, घरचं राखता येत नाही, तशी आपल्या चालींची गत झाली आहे. तीन तासांत गाणं तयार. यात आळस नाही, मी त्या पोराला रात्री दोनपर्यंत राबताना पाहिलंय. हंगामात त्याच्याकडे इतकी गाणी असतात की दुसरा मार्गच नाही.

अडॉर्नोने १९४१ साली लोकप्रिय गाण्यांवर एक निबंध लिहिला, त्यात हीच फाइल उघडून दाखवली आहे. लॅपटॉप नव्हता एवढंच. त्याने सांगितलं की अमेरिकेतल्या हिट गाण्यांचा सांगाडा ठरलेला असतो. ध्रुवपदाच्या मात्रा ठरलेल्या, आवाजाचा पल्ला ठरलेला, वळण कुठे येणार तेही ठरलेलं. मधला तुकडा काढून दुसरा बसवला तरी गाण्याला काही होत नाही. पण सगळं सारखंच आहे हे श्रोत्याला जाणवू द्यायचं नसतं, म्हणून वरून थोडा वेगळेपणा फासायचा. आणि मग इतक्यांदा वाजवायचं, की ओळख झाली हीच आवड झाली असं वाटावं.

वरून फासलेला वेगळेपणा म्हणजे काय, हे आपल्याकडे समजावून सांगायलाच नको. ‘भाऊंच्या वाढदिवसाचं गाणं’ घ्या. वाघ तोच, डरकाळी तीच, ‘एंट्री’ तीच, फक्त नाव बदलायचं. या तालुक्यात एक भाऊ, त्या तालुक्यात दुसरा दादा. दोघांच्या कार्यकर्त्यांना वाटतं की हे गाणं फक्त आपल्याच नेत्याला शोभतं. अडॉर्नो इथे असता तर त्याला निबंध लिहायचे कष्ट पडले नसते.

१९४४ मध्ये अडॉर्नो आणि त्याच संस्थेचा माक्स होर्कहायमर यांनी मिळून जो ग्रंथ लिहिला, त्यातल्या संस्कृतीच्या कारखान्यावरच्या प्रकरणात एक मुद्दा आहे. तो मला तुमच्यापेक्षा आपल्या पब्लिकसाठी जास्त महत्त्वाचा वाटतो. ते म्हणतात, करमणूक हा कामाचाच पुढचा भाग आहे. दिवसभर यंत्रापुढे राबलेल्या माणसाला यंत्रातून सुटका हवी असते, पण उद्या पुन्हा तिथेच उभं राहता यावं एवढ्यापुरतीच. म्हणून त्याला असं काही लागतं की ज्यात डोक्याला ताण नको आणि कंटाळाही यायला नको. आता सुरतच्या लूमवर बारा तासांची पाळी करून आलेला आपला साक्री-शिंदखेड्याचा पोरगा डोळ्यांपुढे आणा. कानात अजून लूमची खडखड. खोलीत सहा जण. तो मोबाइलवर अहिराणी गाणं लावतो. ठेका लूमसारखाच न थांबणारा, पण भाषा मायची. त्याला तुम्ही ‘हेच पाहिजे’ म्हणता. त्याला झोप पाहिजे, आठवड्याला एक सुट्टी पाहिजे, गावाकडे कापसाला भाव पाहिजे. यातलं काही मिळत नाही, तेव्हा जे मिळतं ते तो घेतो. त्याच्या थकव्याला तुम्ही त्याची आवड म्हणता, हे मला बरोबर वाटत नाही.

आता अडॉर्नोला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. माणूस शिष्ट होता. १९३६ साली त्याने ‘हेक्टर रॉटवायलर’ अशा टोपणनावाने जॅझवर इतकं तिखट लिहिलं, की त्या संगीतामागचं काळ्या माणसांचं दुःख आणि बंड त्याच्या कानांपर्यंत पोचलंच नाही असं म्हणावं लागतं. पारोळ्याच्या वरातीत त्याला उभं केलं असतं तर कानात बोटं घालून पळाला असता. त्याच वर्षी त्याचा मित्र वॉल्टर बेन्यामिन याने नेमकं उलटं मांडलं होतं. फोटो आणि सिनेमामुळे कलेच्या हव्या तितक्या प्रती निघतात, त्यामुळे ती देवळा-वाड्यांतून बाहेर पडते आणि साध्या माणसाच्या हाताला लागते. (बेन्यामिनला अमेरिका दिसलीच नाही, नाझींपासून पळताना १९४० मध्ये स्पेनच्या सीमेवर त्याने जीव दिला.)

अहिराणीपुरतं बोलायचं तर मला बेन्यामिनच जवळचा वाटतो, हे कबूल. २०११ च्या जनगणनेत खान्देशी मातृभाषा सांगणारे (अहिराणी त्यातच धरतात) १८ लाख ६० हजार लोक होते. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आपली भाषा नाही. भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रियर्सनने त्या पाहणीच्या १९०७ च्या खंडात तिला भिली भाषांच्या जोडीने बसवलं, नंतरच्या पंडितांनी मराठीची बोली म्हटलं, आणि शाळेत ‘मले’ म्हटलं की पट्टी पडायची. पुण्याच्या होस्टेलवर ‘मले-तुले’ लपवणारी आपली पोरं आता अहिराणी रिंगटोन ठेवून फिरतात. हे कुठल्या साहित्य संमेलनाने केलेलं नाही. तुम्ही केलंत, हप्त्यावर घेतलेल्या कॅमेऱ्यांनी आणि भाड्याच्या ड्रोनने. त्याचं श्रेय तुम्हाला पुरेसं दिलं जात नाही, आणि त्याचा मला राग येतो.

पण भाषा दारातून आत आली, तर तिला बोलू काय दिलं? नवरी, मेहुणी, मोबाइल, बुलेट, दारू, बेवफाई. या सहा-सात खुंट्यांना बांधून ठेवलंय तिला. केळीच्या घडाखाली वाकलेला रावेर-यावलचा मजूर नाही, सुरतची खोली नाही, लेकीला आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणायला गेलेला आणि व्याह्याने परत पाठवलेला बाप नाही. अपवाद आहेत, ते मी ऐकतो आणि चार जणांना पाठवतोही. पण अपवाद करणाऱ्यालाच पुढच्या हंगामात पुन्हा मेहुणीकडे वळावं लागतं. बेन्यामिनला उत्तर लिहिताना अडॉर्नोने कळवलं होतं की वरच्या लोकांची कला आणि सिनेमा ही एकाच स्वातंत्र्याची फाटलेली दोन अर्धुकं आहेत. पण एकाला एक जोडून ते स्वातंत्र्य पूर्ण होत नाही. आपल्याकडेही तसंच आहे. एकीकडे शंभर प्रती छापून कपाटात पडलेले अहिराणी काव्यसंग्रह, दुसरीकडे लाखो व्ह्यूजची गाणी. कवीला पब्लिक नाही, पब्लिकला कवी नाही.

म्हाताऱ्या अडॉर्नोची एक गोष्ट सांगतो. ती फारशी कुणी सांगत नाही, आणि तीही लग्नाचीच आहे. १९६६ च्या मार्चमध्ये हॉलंडची राजकन्या बेआट्रिक्स हिचं एका जर्मन मुत्सद्द्याशी लग्न झालं. टीव्ही, मासिकं, सगळीकडे तेच. फ्रँकफर्टच्या संस्थेने ठरवलं, जर्मन लोकांना या लग्नाबद्दल काय वाटतं ते विचारू. अपेक्षा अशी की लोक त्यात बुडालेले असणार, कारण संस्कृतीचा कारखाना लोकांच्या डोक्याचा ताबा घेतो हे याच मंडळींनी लिहिलेलं. निघालं भलतंच. लोकांनी लग्न अगदी आवडीने पाहिलं होतं, आणि या लग्नाला राजकारणात, समाजात काय महत्त्व, असं विचारल्यावर त्यातल्या बऱ्याच जणांनी शहाण्यासारखं सांगितलं की फारसं काही नाही. म्हणजे पाहत होते, पण पूर्ण विश्वास टाकून नव्हे. मोकळ्या वेळेवरच्या भाषणात अडॉर्नोने हे मांडलं आणि म्हटलं, की माणसाच्या मनाचा पुरता ताबा अजून कुणाला घेता आलेला नाही.

मला सगळ्या अडॉर्नोत हा शेवटचा अडॉर्नो आवडतो. कारण आपलं पब्लिक असंच आहे. डीजेपुढे घामाघूम होईपर्यंत नाचतं आणि खाली बसलं की म्हणतं, ‘गाणास्मा आते काई राह्यनं नई.’ (गाण्यांत आता काही राहिलं नाही.) ही दोन मनं आहेत. तुमचा आलेख पहिल्या मनाचीच रेघ काढतो. दुसऱ्या मनाला बटण नाही.

दुसऱ्या मनाचं गाणं कुठे ऐकायला मिळतं? डीजे सुरू व्हायच्या आधी, घरात, हळदीला. दोन-चार म्हाताऱ्या बसलेल्या असतात. एक ओळ सुरू करते, डोळे दाराकडे. फुई (आत्या) आत आली की फुईचं नाव ओळीत, तिच्या हातातल्या पिशवीची चेष्टाही ओळीत. मामा उशिरा आला तर त्याची खैर नाही. बाकीच्यांनी ती ओळ ऐकून त्याच दमात उचलायची. कधी ओळ लांब होते, तालात बसत नाही, मग सगळ्या हसतात आणि पुन्हा धरतात. गाणं किती मिनिटांचं? हळद लावून होईपर्यंतचं. पुढच्या घरी तीच चाल असते पण गाणं दुसरंच होतं, कारण माणसं दुसरी असतात. तुमच्या फाइलमध्येही नाव बदलतं. पण या बायकांकडे नाव बदललं की गाण्याला वळावं लागतं, तुमच्या फाइलमध्ये गाणं जागचं हलत नाही. अडॉर्नो ज्याला वरवरचा वेगळेपणा म्हणतो, त्याच्या उलट काय असतं, ते या बायकांनी कुठलाही निबंध न वाचता दाखवून ठेवलंय.

म्हणून माझं पहिलं मागणं : ते वाक्य सोडा. त्याऐवजी ‘परवडत नाही’ म्हणा. ते खरं आहे. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला चॅनेलला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४,००० तासांचं पाहणं लागतं, कॅमेऱ्याचा हप्ता दर महिन्याला येतो, आणि लग्नसराई संपली की चार महिने हात रिकामे. या हिशोबात साचा वापरणं समजू शकतं. पण मग तसं सांगा, म्हणजे त्यावर काही करता तरी येईल. चार चॅनेलवाल्यांनी मिळून एक गाणं करणं, पंचायतीने किंवा कॉलेजने त्याचा खर्च उचलणं, सुरतच्या खान्देशी मंडळांकडून वर्गणी काढणं, असलं काही. पब्लिकच्या नावावर बिल फाडलं की या वाटा बंद होतात. आपण पिढीजात व्यवहारी माणसं. स्वतःच्या धंद्याचा हिशोब दुसऱ्याच्या आवडीच्या खात्यावर का मांडता?

दुसरं मागणं छोटं आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपली कानबाई देवी बसेल. रात्रभर बायका गातील, गावोगाव. तुमच्यापैकी प्रत्येक चॅनेलने एका घरी जावं आणि ते गाणं आहे तसं रेकॉर्ड करावं. खाली ठेक्याचा लूप नको, पहिल्या दहा सेकंदांत ढोल नको, ओळ चुकून हसू फुटलं तर ते कापायचं नाही. गाणाऱ्या बायकांची नावं त्यांना विचारून खाली लिहायची आणि तुमच्या गायकाला देता तसं मानधन त्यांनाही द्यायचं. आणि मेहेरबानी करून त्या चालीवर कुणी मालकीचा दावा ठोकू नका. ती तुमची नाही, माझी नाही, आणि ज्या कंपनीच्या पाकिटात उद्या ती सापडेल तिचीही नाही.

व्ह्यूज किती येतील याची हमी मी देत नाही. कदाचित आलेख पहिल्याच मिनिटाला खाली येईल. पण त्या दिवशी आकड्याऐवजी खालच्या कॉमेंट वाचा, विशेषतः सुरतहून आलेल्या.

माझ्याकडे दोन चांगले माईक आहेत, कुणालाही घेऊन जाता येतील. फक्त ज्या घरी जाल तिथला पंखा बंद ठेवायला आधीच सांगून ठेवा. श्रावणातल्या उकाड्यात ऐन वेळी कुणी ऐकत नाही.

तुमचाच,
शिरपूर तालुक्यातला एक ऐकणारा